आठवडाभराचे अन्न साठविताना : डबा निवडण्यापूर्वी काय पाहावे?

नोकरी-व्यवसायानिमित्त दिवसाचा बराच काळ घराबाहेर राहणाऱ्या अनेक कुटुंबांत रविवारची सकाळ आता पुढील आठवड्याच्या स्वयंपाकाची तयारी करण्यात जाते. भाज्या निवडून चिरणे, राजमा किंवा छोले शिजवून ठेवणे, कांदा-खोबऱ्याचे वाटण करणे, इडलीचे पीठ आंबविणे, एकदोन उसळी आणि आमट्या आधीच तयार ठेवणे अशी ही कामे असतात. दिल्ली, बंगळूर, हैदराबाद यांसारख्या शहरांत एकट्याने राहणाऱ्या मराठी तरुण-तरुणींनाही ही पद्धत सोयीची ठरते. तिच्यामुळे रोजचा वेळ वाचतो आणि बाहेरच्या खाण्यावरील खर्चही आटोक्यात राहतो.

या तयारीत सर्वांत कमी विचार होतो तो अन्न ज्यात ठेवायचे त्या डब्याचा. दुकानात रंग, किंमत आणि झाकणाची घट्ट बसण्याची क्षमता पाहून संच खरेदी केला जातो. अनेकदा आइस्क्रीमचे किंवा उपाहारगृहातून आलेले रिकामे डबेच धुऊन पुन्हा वापरले जातात. डबा कोणत्या पदार्थापासून बनविलेला आहे, हे महत्त्वाचे आहेच. परंतु तो किती खोल आहे, त्यात काय आणि किती दिवस ठेवणार आहोत, तसेच अन्न त्याच डब्यात गरम करणार आहोत का, या प्रश्नांचे महत्त्व त्याहूनही अधिक आहे.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगभरात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार जणांचा मृत्यू होतो. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. अन्न टाकून द्यावे लागू नये आणि खाल्लेले बाधू नये, ही दोन्ही उद्दिष्टे डब्याच्या योग्य निवडीतून साधता येतात.

डबा अन्न टिकवीत नाही

हवाबंद डब्यात ठेवलेले अन्न आपोआप टिकते, हा सर्वाधिक प्रचलित गैरसमज आहे. प्रत्यक्षात शिजविलेले ओलसर अन्न टिकते ते थंडाव्यामुळे. डबा त्या अन्नाला धूळ, किडे, इतर पदार्थांचे वास आणि कोरडेपणा यांपासून वाचवितो. जिवाणूंची वाढ थांबविण्याची शक्ती झाकणात नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाविषयीच्या पाच सूत्रांत याबाबत स्पष्ट मर्यादा दिल्या आहेत. शिजविलेले अन्न सामान्य तापमानाला २ तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. ते लवकरात लवकर ५ अंश सेल्सिअसच्या खाली न्यावे किंवा वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम राखावे. या दोन तापमानांच्या दरम्यान बहुतेक रोगकारक जिवाणू वेगाने वाढतात. हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर २ तासांऐवजी १ तासाचीच मर्यादा पाळावी, असे अमेरिकेच्या कृषी विभागाचे मार्गदर्शन आहे. नागपूर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, हे लक्षात घेता आपल्याकडे वर्षातील अनेक महिने ही १ तासाची मर्यादाच लागू करणे योग्य ठरेल.

मुंबईत १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबे पोहोचविण्याची व्यवस्था सर्वपरिचित आहे. त्या व्यवस्थेतील डबा सकाळी भरला जातो आणि दुपारी रिकामा होतो. स्वयंपाक आणि जेवण यांच्यात काही तासांचेच अंतर असते. आठवड्याच्या साठवणीत हे अंतर काही दिवसांचे होते. त्यामुळे रोजच्या जेवणाच्या डब्यासाठी लावलेले निकष या साठवणीला पुरेसे पडत नाहीत.

हवा नसणे काही वेळा उलट धोक्याचे ठरते. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेस कारणीभूत होणारा जिवाणू हवेच्या अभावीच वाढतो. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९८५ साली तेलात घालून सामान्य तापमानाला ठेवलेल्या लसणामुळे अशा विषबाधेचा मोठा उद्रेक झाला होता. आले-लसणाचे वाटण वर तेलाचा थर देऊन, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवण्याची सवय म्हणूनच सोडून द्यावी. असे वाटण थोड्या प्रमाणात करून फ्रीजमध्ये ठेवावे आणि अधिक दिवसांसाठी हवे असल्यास गोठवावे.

सात दिवसांचा साठा एकाच कप्प्यात नको

रविवारी शिजविलेली आमटी शनिवारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवणे सुरक्षित नाही. शिजविलेले अन्न फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस ठेवावे, असे अमेरिकेच्या कृषी विभागाचे मार्गदर्शन सांगते. भाताच्या बाबतीत ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने त्याहून कडक मर्यादा सुचविली आहे. भात शक्यतो १ तासाच्या आत थंड करावा आणि फ्रीजमध्ये २४ तासांपेक्षा अधिक ठेवू नये, असा तिचा सल्ला आहे. बॅसिलस सेरेयस या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही जिवंत राहतात. भात कोमट स्थितीत पडून राहिल्यास त्यांची वाढ होते आणि त्यांपैकी काही प्रकार उलट्या घडविणारे विषद्रव्य तयार करतात. हे विषद्रव्य पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. भात आठवड्याच्या तयारीतून वगळणे आणि रोज ताजा लावणे हाच त्यावरील सोपा उपाय आहे.

यावरून साठवणीचा आराखडा आधी ठरविता येतो. सोमवार ते बुधवारचे अन्न फ्रीजमध्ये आणि गुरुवारनंतरचे अन्न रविवारीच फ्रीजरमध्ये, अशी विभागणी करावी. डब्यांची खरेदीही याच हिशेबाने व्हावी. फ्रीजमध्ये राहणारे आणि फ्रीजरमध्ये जाणारे डबे यांच्या गरजा वेगळ्या असतात. एकाच प्रकारच्या डब्यांचा मोठा संच दोन्ही कामे चांगली करीलच, असे नाही.

शिजविलेली कडधान्ये, घट्ट वरण, कांदा-टोमॅटोचा परतलेला मसाला आणि ओल्या खोबऱ्याचे वाटण हे पदार्थ गोठविल्यावरही चांगले राहतात. बटाटा गोठविल्यावर मऊ आणि पाणचट होतो, दही फुटते आणि काकडीसारख्या भाज्या लिबलिबीत होतात. हे पदार्थ गोठवू नयेत. एक दार असलेल्या अनेक फ्रीजमधील बर्फाचा लहान कप्पा उणे १८ अंशांपर्यंत पोहोचत नाही. अशा कप्प्यावर दीर्घकालीन साठ्यासाठी विसंबू नये. आठवड्यातून दोनदा थोडी थोडी तयारी करणे त्या घरांना अधिक हितावह आहे.

खोली अधिक महत्त्वाची

डब्याची खोली हा दुकानात सहसा न विचारला जाणारा प्रश्न आहे. अन्न किती लवकर थंड होते, हे त्याच्या थराच्या जाडीवर अवलंबून असते. घट्ट वरण किंवा खिचडी यांसारख्या पदार्थांत उष्णता आतून बाहेर येण्यास लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थराची जाडी दुप्पट केली, तर थंड होण्यास सुमारे चौपट वेळ लागतो. उंच डब्यात काठोकाठ भरलेले वरण बाहेरून थंडगार लागले, तरी मध्यभागी कित्येक तास कोमट राहू शकते. फ्रीजमध्ये ठेवूनही अन्न आंबल्याच्या तक्रारींमागे हे एक प्रमुख कारण असते.

त्यामुळे शिजविलेल्या अन्नासाठी पसरट आणि उथळ डबे घ्यावेत व त्यांतील अन्नाचा थर सुमारे ५ सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा. एका मोठ्या डब्याऐवजी एका वेळच्या जेवणापुरते चार लहान डबे असावेत. लागेल तेवढेच बाहेर काढता येते आणि उरलेल्या अन्नाला पुन्हा पुन्हा उष्णता व हवा लागत नाही. चौकोनी डबे गोल डब्यांपेक्षा कमी जागा अडवितात. मात्र थंड हवा फिरण्यासाठी त्यांच्यामध्ये थोडे अंतर राहू द्यावे.

अन्न पूर्णपणे निवल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवू नये, या समजुतीमुळे पातेली रात्रभर ओट्यावर राहतात. दूध निवविण्यासाठी पातेले पाण्याच्या परातीत ठेवण्याची घरोघरची रीत येथे उपयोगी पडते. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेले ठेवावे, अन्न अधूनमधून ढवळावे, वाफ ओसरली की ते उथळ डब्यांत भरावे आणि वेळमर्यादा संपण्यापूर्वी फ्रीजमध्ये ठेवावे. तोपर्यंत ते किंचित कोमट असले तरी चालते.

स्टील, ॲल्युमिनियम आणि पितळ

भारतीय स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टीलच्या डब्याचे स्थान अढळ आहे आणि त्यास सबळ कारणे आहेत. तो फुटत नाही, वास धरत नाही, हळदीने पिवळा पडत नाही आणि उष्णता चटकन बाहेर जाऊ देत असल्याने अन्न लवकर थंड होते. स्टीलमधील क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. तो ओरखडा पडल्यावरही हवेच्या संपर्काने पुन्हा निर्माण होतो.

भांड्यांवर आढळणारा १८/८ हा आकडा सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल दर्शवितो. या प्रकाराला ३०४ असेही म्हणतात. काही स्वस्त भांडी २०१ किंवा २०२ या प्रकारांची असतात. त्यांत निकेल कमी आणि मँगनीज अधिक असल्याने आंबट व खारट पदार्थांपुढे त्यांची टिकाऊ क्षमता कमी पडते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे भांडे उत्तम, ही दुकानांत केली जाणारी परीक्षा विश्वासार्ह नाही. ३०४ आणि २०२ या दोन्ही प्रकारांना चुंबक सहसा चिकटत नाही. त्याऐवजी भांड्यावरील प्रकाराचा उल्लेख आणि भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह पाहावे. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना हे चिन्ह बंधनकारक करणारा आदेश केंद्र सरकारच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने १४ मार्च २०२४ रोजी काढला होता. स्टीलच्या भांड्यांसाठीचे मानक आयएस १४७५६ हे आहे.

स्टीललाही मर्यादा आहेत. मिठाचे प्रमाण जास्त असलेले लोणचे किंवा खारवलेले पदार्थ त्यात दीर्घकाळ ठेवल्यास पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. अशा पदार्थांसाठी काचेची किंवा चिनी मातीची बरणीच योग्य. स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये वापरता येत नाही आणि आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

ॲल्युमिनियमची आम्ल आणि क्षार या दोहोंशी अभिक्रिया होते. चिंच, टोमॅटो, कोकम किंवा ताक असलेले पदार्थ, तसेच खाण्याचा सोडा घातलेले पीठ त्यात साठवू नये. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात आंबट भाजी गुंडाळून ठेवल्यास त्याला छिद्रे पडतात, ती याच अभिक्रियेमुळे.

तांब्या-पितळेची भांडी अलीकडे पुन्हा आवडीने घेतली जात आहेत. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी कळकते, हे मराठी घरांतील जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. आंबट पदार्थात तांबे आणि जस्त विरघळतात. त्यामुळे चव बिघडते आणि मळमळ व उलट्यांचा त्रास होऊ शकतो. कल्हई झिजते आणि वेळोवेळी नव्याने करावी लागते. साठवणीसाठी ही भांडी टाळलेली बरी.

काचेचे डबे : गुण आणि काळजी

काच अन्नातील आम्ल, तेल किंवा मसाल्यांना दाद देत नाही. आतील पदार्थ दिसत असल्याने तो विसरला जाऊन वाया जाण्याची शक्यता कमी होते. योग्य प्रकारची काच मायक्रोवेव्हमध्येही वापरता येते. मात्र सर्व काच सारखी नसते.

बरण्या आणि पेल्यांची नेहमीची काच अचानक बदललेल्या तापमानाने तडकते. बोरोसिलिकेट काच उष्णतेने प्रसरण पावते, परंतु नेहमीच्या काचेच्या साधारण एकतृतीयांशच. त्यामुळे ती तापमानातील बदल अधिक सहन करते. जर्मनीतील ओटो शॉट यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस ही काच विकसित केली आणि १९१५ पासून ती अमेरिकेत स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी विकली जाऊ लागली. बाजारातील काही डबे टफन्ड, म्हणजे विशेष प्रक्रियेने मजबूत केलेल्या नेहमीच्या काचेचे असतात. ते आपटण्यास अधिक तोंड देतात, पण उष्णतेतील तीव्र बदलाच्या बाबतीत बोरोसिलिकेटची बरोबरी करीत नाहीत. वेष्टनावरील उल्लेख वाचूनच खरेदी करावी.

काच कोणतीही असो, फ्रीजरमधून काढलेला डबा थेट शेगडीवर, तापलेल्या ओव्हनमध्ये किंवा उकळत्या पाण्यात ठेवू नये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. त्यामुळे गोठवायच्या डब्यात वरून दोन बोटे जागा मोकळी ठेवावी. अरुंद गळ्याच्या बरण्या गोठविण्यासाठी वापरू नयेत, कारण त्या खांद्यापाशी फुटतात.

प्लास्टिक : तळावरचा आकडा वाचावा

प्लास्टिकचे डबे हलके, स्वस्त आणि न फुटणारे असल्याने त्यांचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. त्यांच्या तळावरील त्रिकोणातील १ ते ७ हा आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ही पद्धत अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये पुनर्वापराच्या सोयीसाठी सुरू केली. आकडा म्हणजे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. तरीही ग्राहकाला त्यातून उपयुक्त माहिती मिळते.

१ हा आकडा पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचा आहे. ते सुमारे ७० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, म्हणून त्यात गरम पदार्थ ओतू नयेत. २ आणि ४ हे पॉलिथिनचे प्रकार असून ते थंड व कोरड्या वस्तूंसाठी ठीक आहेत. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. अन्नाच्या साठवणीसाठी हे दोन्ही टाळावेत. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याचा वितळणबिंदू सुमारे १६० अंश असून घरगुती डब्यांसाठी उपलब्ध प्लास्टिकांमध्ये ते सर्वांत उपयुक्त मानले जाते. ७ या आकड्याखाली उर्वरित सर्व प्रकार येतात. मोठ्या पाण्याच्या जारसाठी वापरले जाणारे पॉलिकार्बोनेट त्यांपैकीच एक आहे.

पॉलिकार्बोनेटच्या निर्मितीत बिस्फेनॉल-ए हे रसायन वापरले जाते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये या रसायनाची रोजची सह्य मात्रा आधीच्या तुलनेत २० हजार पटींनी कमी केली. त्यानंतर युरोपीय आयोगाने १९ डिसेंबर २०२४ रोजी अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंत त्याच्या वापरास बंदी करणारा नियम स्वीकारला. मात्र डब्यावर ‘बिस्फेनॉल-ए विरहित’ असे लिहिलेले असणे याचा अर्थ तो डबा उष्णतेसाठी योग्य आहे, असा होत नाही.

भारतात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या घटकांचे एकूण प्रमाण किलोमागे ६० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. छापील वृत्तपत्राच्या कागदात अन्न बांधण्यासही त्याच नियमांनी मनाई केली आहे. चिरलेल्या भाजीखाली किंवा पोळ्यांच्या डब्यात वर्तमानपत्र अंथरण्याची घरगुती सवयही सोडावी. त्याऐवजी स्वच्छ सुती कापड वापरावे.

उष्णता, तेल आणि आम्ल या तीन गोष्टींमुळे प्लास्टिकमधील घटक अन्नात उतरण्याचा वेग वाढतो. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांच्या अन्नासाठीच्या प्लास्टिकच्या वेष्टनांची चाचणी घेण्यात आली. मायक्रोवेव्हमध्ये ३ मिनिटे तापविल्यावर काही वेष्टनांच्या अवघ्या १ चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून ४२ लाखांहून अधिक सूक्ष्म आणि २०० कोटींहून अधिक अतिसूक्ष्म प्लास्टिककण बाहेर पडल्याचे आढळले. या कणांच्या मानवी आरोग्यावरील परिणामांविषयी संशोधन सुरू आहे. तथापि, अन्न प्लास्टिकमध्ये थंड ठेवावे आणि गरम करताना काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढावे, हा नियम पाळण्यास कोणताही खर्च येत नाही. ‘मायक्रोवेव्हसाठी योग्य’ या शब्दांचा अर्थ डबा त्यात वितळणार नाही, इतकाच बहुधा असतो.

उपाहारगृहातून येणारे पातळ डबे एकदोन वेळच्या वापरासाठी बनविलेले असतात. धुताना त्यांवर ओरखडे पडतात आणि त्यांत तेलकट अंश व जिवाणू राहतात. असे डबे कोरडे जिन्नस, बटणे किंवा बिया ठेवण्यासाठी वापरावेत. गरम आमटीसाठी नव्हे. मेलामाइनचे वाडगेही दिसण्यास सुबक असले, तरी गरम व आंबट पदार्थांत त्यांतून फॉर्मल्डिहाइड उतरू शकते. ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नयेत.

हळदीमुळे पिवळा पडलेला डबा मात्र त्याच कारणासाठी टाकून देण्याची गरज नाही. हळदीतील कुर्क्युमिन तेलात विरघळते आणि तेलासोबत प्लास्टिकमध्ये मुरते. प्रकाशाने त्याचे विघटन होत असल्याने धुतलेला डबा एकदोन दिवस उन्हात ठेवल्यास डाग बराच फिका पडतो. डबा चरचरीत झाला, वाकला, त्याला भेगा पडल्या किंवा धुऊनही वास जात नसेल, तर मात्र तो बदलावा.

झाकण : घट्ट केव्हा, सैल केव्हा?

रस्सा आणि आमटीसाठी चारही बाजूंनी अडकणारे, सिलिकॉनची कड असलेले झाकण उपयुक्त ठरते. परंतु याच कडेखालच्या खाचेत ओलावा व अन्नकण साचून बुरशी धरते. कड काढून धुता येते का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. आठवड्यातून एकदा ती काढून, धुऊन आणि पूर्ण वाळवून पुन्हा बसवावी. सुटे झाकण वेगळे विकत मिळते का, याचीही चौकशी करावी. झाकण गेल्यामुळे निरुपयोगी झालेले डबे प्रत्येक घरात सापडतात.

इडली-डोशाच्या पिठाला घट्ट झाकण लावू नये. आंबताना वायू तयार होतो आणि पीठ फुगून वर येते. त्यासाठी उंच स्टीलचे भांडे घेऊन ते निम्मेच भरावे व झाकण नुसते ठेवावे. पीठ फ्रीजमध्येही हळूहळू आंबत राहते, म्हणून तेथेही काचेच्या बंद बरणीचा वापर टाळावा.

कोथिंबीर, मेथी यांसारख्या पालेभाज्यांना ओलावा मारक ठरतो. त्या निवडून, पाणी पूर्ण निथळल्यावर तळाशी कोरडे कापड घातलेल्या डब्यात ठेवाव्यात. आख्खे कांदे आणि बटाटे बंद डब्यात नव्हे, तर हवेशीर टोपलीतच चांगले राहतात.

तारीख आणि वीज

उत्तम डबाही आत काय आहे आणि ते कधी ठेवले, हे सांगू शकत नाही. प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव व तारीख लिहिलेली पट्टी चिकटवावी आणि आधी ठेवलेला डबा पुढच्या बाजूस ठेवावा. शिजविलेले अन्न वरच्या कप्प्यात आणि कच्चे मांस किंवा मासे बंद डब्यात सर्वांत खाली असावेत, म्हणजे त्यांचे पाणी तयार अन्नात गळत नाही. गोठविलेले अन्न ओट्यावर नव्हे, तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटे करावे. पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत किमान ७० अंश तापले पाहिजे. केवळ कडेला वाफ येणे पुरेसे नाही.

वीजपुरवठा खंडित होणाऱ्या भागांत आणखी एक काळजी आवश्यक आहे. दार न उघडल्यास फ्रीजमधील अन्न सुमारे ४ तास सुरक्षित राहते. पूर्ण भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास आणि निम्मा भरलेला २४ तास थंडावा धरून ठेवतो, असे अमेरिकेच्या कृषी विभागाचे मार्गदर्शन आहे. आपल्याकडील उन्हाळ्यात या मर्यादांवर पूर्णपणे विसंबू नये. जेथे वीज वारंवार आणि दीर्घकाळ जाते, तेथे दोन दिवसांपेक्षा अधिक तयारी न करणेच इष्ट. अन्नाला वास येत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे असे मानू नये. आजार घडविणारे अनेक जिवाणू चव किंवा वास न बदलता वाढतात. लिस्टेरिया हा जिवाणू तर फ्रीजच्या तापमानालाही वाढू शकतो. त्यामुळे गर्भवती, वृद्ध आणि लहान मुले यांना शक्यतो ताजे अन्न द्यावे.

खरेदीचा हिशेब

चार जणांच्या कुटुंबाला फार मोठ्या संचाची गरज नसते. फ्रीजमधील तयार अन्नासाठी स्टीलचे पाच-सहा उथळ डबे, आंबट पदार्थ आणि गरम करण्याच्या पदार्थांसाठी बोरोसिलिकेट काचेचे तीन-चार डबे, वाटण व कडधान्ये गोठविण्यासाठी ५ आकड्याच्या प्लास्टिकचे पाव ते अर्धा लिटरचे सहा डबे, पिठासाठी एक उंच स्टीलचे भांडे आणि लोणच्यासाठी एक बरणी एवढ्यात बहुतेक घरांचा आठवडा निभावतो. यातील निम्म्या वस्तू घरात आधीच असतात. सर्व एकदम घेण्यापेक्षा प्रथम दोन आठवडे काय उरते आणि काय टाकावे लागते याची नोंद करावी आणि त्यानंतरच दुकानात जावे.

खरेदी करताना चार प्रश्न पुरेसे आहेत. या डब्यात काय ठेवणार? किती दिवस ठेवणार? त्यातच गरम करणार का? आणि त्यातील अन्नाचा मध्यभाग लवकर थंड होईल का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की डब्याचा रंग आणि त्यावरील सवलतीचा आकडा आपोआप मागे पडतात. घरात एकच बदल करता येण्यासारखा असेल, तर तो नवीन डबे विकत घेण्याचा नसावा. रविवारी केलेले वरण एका मोठ्या पातेल्याऐवजी तीन-चार उथळ डब्यांत विभागून वेळेत थंड करण्याचा असावा. त्यासाठी घरातील जुने स्टीलचे डबेही उत्तम काम देतात.